नळाचा दिवस

नोकरी सोडून एकोणचाळीस दिवस झाले
तरी पहाटे चार दहाला डोळा उघडतोच.
सुरुवातीला दचकून उठायचो, अंधारात पँट चाचपायचो;
संजीवनी म्हणायची, झोपा, बॅच नाही.
हल्ली उठत नाही. पडून पंख्याकडे बघतो.
त्याच्या एका पात्याला जळमट आहे,
गरगर फिरूनही न सुटलेलं.
त्याची चौकशी करायला आता मला वेळ आहे.

अकरा वर्षं मी लातुरात फिजिक्स विकलं.
विकलं हाच शब्द. शिकवलं ते पहिली दोन.
पत्र्याच्या हॉलमध्ये चारशे वीस पोरं,
कॉलरला माइक, खिशात ज्येष्ठमधाची कांडी,
दिवसातून सहा वेळा तेच घर्षण,
विनोदसुद्धा तोच, त्याच मिनिटाला.
दिवाळीला टेस्ट सिरीज. वेळअमावस्येला टेस्ट सिरीज.
सासरच्या शेतातली भज्जी डब्यातून यायची,
रात्री, गार,
आणि मी ती उभ्यानं खायचो
उत्तरपत्रिकांचे गोळे तपासत.

मग आवाज गेला.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे बोलू नका.
मालक म्हणाले, सर, सोमवारपासून रिव्हिजन आहे.
वहीचं पान फाडून लिहून दिलं : येत नाही.
खाली सही केली. तारीख टाकायची राहिली.

आता आलाय आवाज, निम्मा.
गोलाईत परवा अंबाडीची जुडी कशी म्हणून विचारलं
तर तेही शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं;
भाजीवाली म्हणाली, मी बहिरी न्हाई, दादा.
शेजारचा लिंबूवाला हसला. मग मीही.
घरी मुक्ता म्हणते, बाबा, जेवताना तुमचा कान हलतो.
सात वर्षांची झाली. तिला हे आत्ता कळलं.
मलाही.

आज नळाचा दिवस.
आठवड्यानं येतं पाणी, आणि किती वाजता येणार
हे गल्लीत फक्त सलमाभाभीला माहीत.
तिनं भिंतीवरून हाक मारली, मी हंडे मांडले.
आधी नळ खोकला, सकाळच्या बॅचआधी मी खोकायचो तसा.
हवा, हवा, थोडी तांबूस थुंकी,
मग एकदम घागरीच्या तळाशी धार
आणि तो आवाज :
आधी जाड, पोटातला,
मग घागर भरेल तसा बारीक होत वर चढणारा.
याचं कारण मी अकरा वर्षं फळ्यावर लिहिलं.
हवेच्या स्तंभाची लांबी घटते, वारंवारता वाढते.
हमखास येणारा प्रश्न, चौकट करून घ्या.
ऐकलं मात्र कधीच नव्हतं.

तिसरी घागर लावली तेव्हा दारात मोटरसायकल थांबली.
सर, ओळखलं का? ई बॅच.
चेहरा आठवेना. तोंडातून निघालं, तीनशे बारा?
हो सर! खूश झाला तो,
आणि मला कानामागून घाम फुटला.
नाव सांग, म्हणालो.
नागनाथ. औरादचा.
मेडिकलला लागलो न्हाई सर, हे त्यानं असं सांगितलं
जणू माझी काही वस्तू त्याच्याकडून हरवली होती.
आता निलंगा रोडला दुकान आहे. मोटारी भरतो.
किती वेढे, कुठली तार, विचारत बसलो
कारण मला खरंच माहीत नव्हतं.
तुमी सध्या काय करायलाव, सर?

पाणी भरतो.

त्याला वाटलं, वर्गातला विनोद. हसला,
बाह्या सारल्या, भरलेली घागर उचलली,
रिकामा हंडा नळाखाली सरकवला
आणि तोटी पूर्ण सोडायला गेला.
थांब रे नागनाथ, म्हणालो,
जरा बारीक ठेव.
ऐकू दे.